आवाज चालतो, हात चालत नाही



ज्या सरांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर पोरांना मैदानावर पळायला लावलं. त्यांच्या स्मृतिदिनाला खरं तर एखादा धावपटू बोलवायला हवा होता. तुम्ही मला बोलावलंत. मी धावत नाही. बस सुटत असली तरी धावत नाही. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी मात्र पहाटे उठते आणि मुंबईच्या रस्त्याकडेला जाऊन उभी राहते. धावणाऱ्यांना बघते, आणि हल्ली त्यांच्यापेक्षा जास्त, त्यांना बघायला आलेल्यांना बघते. पेशाने पत्रकार, त्यामुळे आधी हे बातमीसाठी केलं. बातमीदारी सुटली, उभं राहणं सुटलं नाही.

एक गोष्ट पहिल्याच मिनिटाला सांगून टाकते. मॅरेथॉनवर मराठीत बोलायला उभा राहिलेला वक्ता पाचव्या वाक्याला वारीवर येतो. मी येणार नाही. वारीत पहिला कोण आला हे कोणी विचारत नाही आणि चंद्रभागेच्या वाळवंटात घड्याळ लावलेलं नसतं. दोन्हीकडे माणसं पाय दुखेपर्यंत जातात आणि रस्त्यावरचे लोक त्यांना खाऊ-पिऊ घालतात, एवढंच साम्य. तेवढ्यावर तासाभराचं व्याख्यान उभं राहत नाही.

बघण्याचा खेळ म्हणून मॅरेथॉन फार गैरसोयीची. क्रिकेटला गेलात तर तोच बॅट्समन तासन् तास समोर. कुस्तीला गेलात तर दोन्ही पैलवान हौद्यात, कुठे जात नाहीत. इथे रस्ता 42 किलोमीटर 195 मीटरचा आणि तुमचा माणूस त्यात कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. साडेचार तासांत शर्यत पुरी करणारा हौशी धावपटू सेकंदाला साधारण अडीच मीटर पुढे सरकतो. गर्दीत तो तीसेक मीटरवरून ओळखू आला, तर ओळखणं, नाव घेऊन ओरडणं, हात हलवणं, फोटो काढणं, या सगळ्याला मिळून बारा सेकंद. त्या बारा सेकंदांसाठी बोरिवलीहून, डोंबिवलीहून पहिली लोकल पकडून माणसं येतात. थर्मासमध्ये चहा आणतात. पुठ्ठ्यावर स्केचपेनने नाव लिहून आणतात. आणि मग उभी राहतात.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी सुटते, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी करत सी लिंकवरून वांद्र्याला जाते, माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी असं करत परत फिरते आणि तोच पेडर रोड पुन्हा चढून जिथून सुटली तिथे येते. मार्गात अधूनमधून बदल होतात, पण हा सांगाडा बरीच वर्षं टिकला. त्यातल्या दोन जागांबद्दल मला बोलायचं आहे. एक सी लिंक, जिथे बघ्यांना जाताच येत नाही. तिथलं मी पाहिलेलं नाही, धावणाऱ्यांकडून ऐकलेलं आहे. पुलावर ढोल नाही, टाळ्या नाहीत, नाव घेऊन ओरडणारं कोणी नाही. फक्त हजारो बुटांचा आवाज आणि वारा. काहींना हाच टप्पा सगळ्यात आवडतो. काहीजण सांगतात की त्यांना रडू आलं ते इथे, शेवटच्या रेषेवर नव्हे, कारण इथे कोणी बघत नव्हतं. आश्चर्य म्हणजे तेव्हा निम्मं अंतरही झालेलं नसतं, पाय शाबूत असतात.

दुसरी जागा पेडर रोड. जाताना तो अंधारात येतो आणि ताज्या पायांना तो चढ आहे हे कळतही नाही. परत येताना अंगावर 35-36 किलोमीटर असतात आणि ऊन वर आलेलं असतं. शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येते, त्याला धावणारे ‘वॉल लागली’ म्हणतात. वॉल लागल्यावर हा चढ लागतो. आखणाऱ्याने मुद्दाम ठेवला असावा अशी दाट शंका प्रत्येक धावपटूला असते.

या चढावर घरचे लोक उभे राहतात, कारण इथे आपली गरज आहे असं त्यांना वाटतं. मी घरच्यांच्या शेजारी उभी राहत नाही. मी त्यांच्या दोनशे पावलं पुढे थांबते. तिथून जे दिसतं ते घरच्यांना कधीच दिसत नाही.

समजा पन्नाशीचे गृहस्थ आहेत. अंगात घामाने भिजलेला टी-शर्ट, छातीवर बिब म्हणजे नंबराचा कागद, मान एका बाजूला कललेली. वीस पावलं चालतात, दहा पळतात. पुढे बायको आणि मुलगी दिसतात, मुलीच्या हातात ‘बाबा, पळा!’ लिहिलेला पुठ्ठा. गृहस्थांची पाठ सरळ होते. खांदे मागे जातात. चेहऱ्यावर हसू येतं, अंगठा वर होतो. ‘मस्त! एकदम मस्त!’ बारा सेकंद. मग वळण. वळणावर माझ्यासमोर येईपर्यंत ते सगळं उतरलेलं असतं. दुभाजकाला हात टेकून गृहस्थ वाकतात, डोळे मिटतात, आणि मला विचारतात, ‘ताई, अजून किती आहे हो?’ तिकडे बायको सासूबाईंना फोनवर सांगत असते, ‘आत्ताच गेले. अगदी फ्रेश दिसत होते.’

यात फसवणूक एकतर्फी आहे असं समजू नका. ही बाई गेली वीस मिनिटं ओठ चावत उभी होती. यायला हवे होते तेव्हा आले नाहीत. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की मान तिकडे वळत होती. नवरा दिसला आणि तिनेही चेहरा बदलला. ‘छान चाललंय! छान चाललंय!’ दोघांनी एकमेकांसाठी खास तयार केलेले दोन चेहरे बारा सेकंद एकमेकांसमोर आले आणि दोघंही समाधानाने आपापल्या वाटेला लागले. मॅरेथॉनमधल्या भावनांचे फोटो छापले जातात ते बहुतेक या बारा सेकंदांचे. खरं काय ते त्याच्या आधी आणि नंतर असतं, आणि ते परक्यांना दिसतं. पायात गोळा आलाय, सोडून द्यावंसं वाटतंय, उलटी होतेय, हे बायकोला न सांगितलेलं सगळं मला, अनोळखी बाईला, सांगून माणसं पुढे गेली आहेत.

बरं, ते तयार केलेलं हसू अगदीच वाया जात नाही. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे शर्यतीच्या शेवटच्या, सगळ्यात अवघड टप्प्यात हसतो, हे टीव्हीवर अनेकांनी पाहिलं असेल. त्याला सगळं सोपं जातं म्हणून तो हसतो असं लोकांना वाटायचं. तो स्वतः सांगतो की वेदना सैल पडावी म्हणून हसतो. 2018 मध्ये नोएल ब्रिक या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चोवीस धावपटूंना ट्रेडमिलवर पळवलं, कधी हसत, कधी कपाळाला आठ्या घालून. हसताना त्याच वेगाला ऑक्सिजन थोडा कमी लागला. फरक दोन-तीन टक्क्यांचा, पण 36 व्या किलोमीटरला दोन टक्के कोणी नाकारणार नाही. म्हणजे पुठ्ठा धरलेल्या त्या मुलीने बाबांना खोटं हसायला लावलं आणि खोट्या हसण्याने त्यांचं थोडं काम केलं. थोडंच हां. वळणानंतरचे बाबा मी पाहिलेत.

आता आवाज. नवखा पाठीराखा ओळखायची खूण म्हणजे तो ‘थोडंच राहिलंय!’ असं ओरडतो. हे वाक्य ऐकलं की धावणाऱ्याच्या मनात काय येतं ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. सहा किलोमीटर थोडे नसतात; आणि तो मनातल्या मनात प्रत्येक शंभर मीटर मोजतोय, त्याला तुमचा अंदाज नको आहे. मुरलेले पाठीराखे अंतराबद्दल काही बोलत नाहीत. नाव घेतात. बिबवर नाव छापलेलं असतं, ते वाचून परका माणूसही ‘शाब्बास, संदीप!’ म्हणतो आणि संदीप दचकून बघतो. शिवाजी पार्कला ‘गणपती बाप्पा’ अशी हाक आली की कुठल्याही राज्यातला, कुठल्याही भाषेचा धावपटू ‘मोरया’ म्हणतो. दम नसलेले लोकही म्हणतात. मला तर वाटतं, दम नसलेलेच जास्त मोठ्याने म्हणतात.

आणखी एक निरीक्षण, कोणाला राग येऊ नये. नवरा धावतो तेव्हा रस्त्यावरची बायको नाव घेऊन ओरडते. बायको धावते तेव्हा रस्त्यावरचा नवरा सूचना देतो. ‘पाणी पी! पेस सांभाळ! डावीकडून ये!’ त्याने स्वतः पाच किलोमीटरही धावलेले नसतात. पण ओरडताना त्याचा गळा दाटलेला असतो, हेही मी पाहिलंय. सूचना हा त्याच्या गळा दाटण्याचा प्रकार आहे.

आवाजाची परवानगी आहे, हाताची नाही. मॅरेथॉनच्या भावना कळायच्या असतील तर माझ्या मते हा नियम आधी कळायला हवा. बाहेरच्याची शारीरिक मदत घेतली तर धावपटू बाद. तुमचा माणूस तुमच्यापासून हातभर अंतरावरून कोसळत जातो आणि तुम्ही त्याला धरायचं नाही, फक्त ओरडायचं. पाठीराख्याची असहायता ही नियमातच लिहिलेली आहे.

हा नियम किती कठीण आहे ते 24 जुलै 1908 ला लंडनमध्ये दिसलं. विंडसर किल्ल्यापाशी ऑलिंपिक मॅरेथॉन सुटली आणि व्हाइट सिटी स्टेडियममध्ये संपायची होती. 42.195 किलोमीटर हे अंतर त्याच शर्यतीतलं, पुढे 1921 मध्ये ते सगळीकडे कायम झालं. उन्हाचा दिवस. स्टेडियममध्ये पहिला शिरला दोरांदो पिएत्री, इटलीतल्या कार्पी गावचा, मिठाईच्या दुकानात काम करणारा. शुद्ध अशी नव्हतीच. शिरला तो उलट्या दिशेला वळला. अधिकाऱ्यांनी वळवलं, तर पडला. उठवलं, पुन्हा पडला. असं पाच वेळा. स्टेडियममधल्या साडेतीनशे मीटरना त्याला दहाएक मिनिटं लागली. शेवटी अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी दंडाला धरून, सावरून त्याला रेषेपार नेलं. अमेरिकेने तक्रार केली, दोरांदो बाद झाला, मागून आलेला जॉनी हेज सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने दोरांदोला मुलामा दिलेला चांदीचा कप दिला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल त्या दिवशी वार्तांकनासाठी स्टेडियममध्ये होते. प्रसिद्ध फोटोत दोरांदोला आधार देणारा माणूस म्हणजे डॉईल, असं अनेक ठिकाणी छापून येतं. ते खरं नाही, डॉईल प्रेक्षकांत बसले होते.

या गोष्टीत लोक दोरांदोकडे बघतात. मी त्या दंड धरणाऱ्यांकडे बघते. त्यांना नियम ठाऊक नव्हता असं नाही, नियम राबवायलाच ते तिथे होते. पण समोर एक माणूस दहा मिनिटं पडतोय, उठतोय, पुन्हा पडतोय, आणि अख्खं स्टेडियम उभं राहून ते बघतंय. कोणाला बघवेना. हात अधिकाऱ्यांचे असले तरी ते पुढे झाले सगळ्या स्टेडियमच्या वतीने. त्या हातांनी दोरांदोचं दुःख किती कमी केलं कोण जाणे. बघणाऱ्यांचं नक्की केलं. आणि पदक गेलं ते त्याचं.

शहात्तर वर्षांनी लॉस एंजेलिसला हीच परीक्षा पुन्हा झाली. 1984, ऑलिंपिकमधली बायकांची पहिली मॅरेथॉन. होय, पहिली, बराच काळ बायकांना हे अंतर झेपायचं नाही असं मानत होते. जोन बेनॉइटने ती जिंकली. ती येऊन बरीच मिनिटं झाल्यावर स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये आली. 39 वर्षांची. धड एकीकडे झुकलेलं, एक हात लटकता, पाय भलतीकडे पडतायत. डॉक्टर जवळ आले तेव्हा तिने त्यांना हाताने दूर केलं. आणि डॉक्टर दूर राहिले. तिला घाम येतोय हे त्यांनी पाहिलं, म्हणजे शरीराची थंड होण्याची यंत्रणा अजून चालू आहे, असा हिशेब केला आणि तिच्या बाजूने चालत राहिले. शेवटच्या फेरीला तिला पावणेसहा मिनिटांच्या आसपास लागली. रेषा ओलांडली त्या क्षणी ती त्यांच्या हातांत पडली. 37 वी आली. तिची नोंद आहे, दोरांदोची नाही. पुढे नियमही सैल झाला, वैद्यकीय तपासणीसाठी हात लावला म्हणून धावपटू बाद होत नाही.

त्या पावणेसहा मिनिटांचं चित्रीकरण उपलब्ध आहे, बघा. पण गॅब्रिएलाला नको, बाजूच्या डॉक्टरांना बघा. हात पुढे येतात, मागे जातात. इतका वेळ हात आवरून धरायला केवढी ताकद लागली असेल. धावण्याचं कौतुक सगळे करतात, या आवरण्याचं कोणी केलेलं मला आठवत नाही.

उलट प्रकारचे हातही या खेळाने पाहिलेत. 1967 मध्ये बोस्टन मॅरेथॉनला कॅथरिन स्वित्झर 261 नंबर लावून धावत होती. तिने नोंदणी करताना नावाची आद्याक्षरं दिली होती, ती बाई आहे हे आयोजकांच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं तेव्हा जॉक सेम्पल नावाचे अधिकारी रस्त्यात उतरून तिचा नंबर ओढून काढायला धावले. तिच्यासोबत धावणाऱ्या मित्राने त्यांना ढकलून दिलं आणि तिने शर्यत पुरी केली. 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकला ब्राझीलचा वांदेर्लेई दि लिमा पुढे असताना, जवळपास 35 व्या किलोमीटरला एका माथेफिरू प्रेक्षकाने त्याला धरून रस्त्याबाहेर ढकललं. पॉलिव्हिओस कोसिव्हास नावाच्या एका ग्रीक प्रेक्षकाने त्याला सोडवलं. सोडवणारा हात नियमाने चालतो का, असा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही, हे बरं झालं. लिमा तिसरा आला. स्टेडियममध्ये शिरताना दोन्ही हात विमानासारखे पसरून, नागमोडी पळत, हसत आला. हे हसू 36 व्या किलोमीटरचं नव्हतं, ते ओळखू येतं.

आपल्या पेडर रोडवर हा नियम कोणी फारसा बघत नाही. पुढच्या इनामाच्या धावपटूंपुरता तो पाळतात; मागच्या हजारोंसाठी फुटपाथ हे मोठं पंगतीचं घर असतं. इमारतींमधले लोक टेबलं मांडतात. संत्र्याच्या फोडी, केळी, चिक्की, लिमलेटच्या गोळ्या, चिमूटभर मीठ. कॉलेजातली मुलं वेदनाशामक स्प्रे घेऊन उभी, धावणारा थांबून पोटरी पुढे करतो, फुस्स होतं आणि तो निघतो. लहान मुलं टाळी घ्यायला तळवा पुढे करून असतात. तासाभराने तो तळवा घामाने, संत्र्याच्या रसाने चिकट झालेला असतो तरी कोणी मागे घेत नाही. घरच्यांनी आवरायचे ते हात आणि परक्यांनी पुढे करायचे हे हात, असं काहीसं वाटप तिथे आपोआप झालेलं आहे.

वाट बघण्याबद्दल बोलायला हवं, कारण पाठीराख्याचं मुख्य काम तेच. पूर्वी वाट बघणं म्हणजे रस्त्याच्या टोकाकडे बघणं. आता मोबाइलमध्ये ॲप असतं. धावणाऱ्याच्या बिबला चिप, रस्त्यात ठरावीक अंतरावर मॅट. मॅटवर पाय पडला की वेळ नोंदली जाते आणि तुमच्या नकाशावर ठिपका पुढे जातो. पण दोन मॅटच्या मधला ठिपका बहुतेक वेळा अंदाजाने सरकवलेला असतो, मागच्या वेगावरून. माणूस दुभाजकावर बसला असेल तरी ठिपका पळत असतो. मग ठिपका पुढच्या मॅटशी येतो आणि तिथेच थांबतो. मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांतला बाईचा चेहरा ज्याने पाहिलाय, तो तंत्रज्ञानाने काळजी कमी होते असं म्हणणार नाही. पूर्वी माहीत नव्हतं म्हणून काळजी होती. आता चुकीचं माहीत असतं.

हे वाट बघत उभं राहणं जिवावरही बेतलं आहे. बोस्टन मॅरेथॉनमध्ये 15 एप्रिल 2013 रोजी शेवटच्या रेषेजवळ दोन स्फोट झाले. तिघं जागीच गेले, अडीचशेच्या वर जखमी झाले. ते तिघंही धावणारे नव्हते, बघणारे होते. त्यांतला एक आठ वर्षांचा मुलगा. ज्यांनी बॉम्ब ठेवले त्यांनी जागा बरोबर हेरली होती. माणसं दाटीने, तासन् तास, जागा न सोडता उभी राहतात ती इथेच. पुढच्या वर्षी त्याच फुटपाथवर त्याहून जास्त गर्दी होती.

घड्याळ नसतं तर यातलं बरंच काही सौम्य झालं असतं. एरिक ॲलन आणि इतर अमेरिकी अभ्यासकांनी जवळपास एक कोटी मॅरेथॉन वेळा तपासल्या. तीन तास, साडेतीन, चार तास, अशा गोल आकड्यांच्या लगेच आधी पोचणाऱ्यांची दाटी दिसली आणि लगेच नंतर विरळ. शरीराला चार तास हा आकडा कळत नाही, मनाला कळतो. शेवटच्या रेषेजवळ तीन तास अठ्ठावन्न मिनिटांना जे चालतं ते बघण्यासारखं असतं. आत्तापर्यंत फरफटत आलेले लोक अचानक सुसाट सुटतात. आणि चार तास एक मिनिटाला येणारे एकदम शांत. आणखी दोन मिनिटांनी येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा आनंद. दुःख त्या एका मिनिटापुरतं आहे.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत याबाबतीत फार निष्ठुर. 1921 पासून चालते, अंतर नव्वदच्या आसपास किलोमीटर, डर्बन ते पीटरमॅरित्झबर्ग किंवा उलट. आपल्याकडचेही बरेच जण हल्ली तिथे जातात. बारा तासांची मुदत. बारा तास भरत आले की एक अधिकारी पिस्तूल घेऊन शेवटच्या रेषेवर उभा राहतो, येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून. बार झाला की रेषा बंद. दहा पावलांवर असलात तरी बंद. त्याने पाठ का केली असेल, हे इतकं बोलल्यावर मी वेगळं सांगायला नको. लंडनच्या अधिकाऱ्यांची तोंडं दोरांदोकडे होती.

पाठीराख्यांशिवाय धावलेलेही आठवले पाहिजेत. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताकडून हाताच्या बोटांवर मोजण्याइतका संघ गेला. त्याची निवड झाली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून आणि दोराबजी टाटांच्या पुढाकारातून. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी अंतर आणखी जास्त, 42.75 किलोमीटर. चौगुले 19 वे आले. शंभर वर्षांपूर्वी, परक्या देशात, आपल्या भाषेतली एक हाक कानावर पडण्याची शक्यता जवळजवळ नसताना. आज पहिल्या शंभरात आलेल्याचे फ्लेक्स लागतात. चौगुल्यांचं नाव बेळगावबाहेर किती जणांना माहीत आहे?

आणि बारामतीच्या लता करे. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या आजारपणाला पैसे हवे होते म्हणून ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरली आणि नऊवारीत, अनवाणी पळून जिंकली. अंतर तीन किलोमीटर, मॅरेथॉन नव्हेच. तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात तिने स्वतःचं काम स्वतःच केलं. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. एरवी धावणारा मधे असतो आणि घरचे कडेला. इथे कडेचा माणूसच आजारी होता आणि धावणारी त्याची पाठीराखी होती. बक्षिसाची रेषा तिच्यासाठी दवाखान्याच्या दारात होती. फुटपाथवरच्या टाळ्या तिला ऐकू आल्या असतील का, याची मला शंका आहे.

शेवटच्या रेषेबद्दल मी कमी बोलले, ते मुद्दाम. तिथलं रडणं, मिठ्या, मेडल दाताखाली धरून काढलेले फोटो हे सगळं तुम्ही पाहिलेलं असतं. रेषेपलीकडचे पहिले शंभर मीटर मात्र मजेचे. तिथे लोक बसायला जागा शोधतात आणि बसल्यावर उठता येत नाही. अंगठ्याचं नख काळं पडलेलं एकमेकांना दाखवतात. आणि जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, ‘पुन्हा कधी नाही. लिहून देतो.’

पोलंडमधल्या क्राकोच्या मॅरेथॉनमध्ये प्रझेमिस्लाव बोम्बेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने साठेक धावपटूंना शर्यत संपल्या संपल्या विचारलं, किती दुखतंय, आकड्यात सांगा. मग काहींना तीन महिन्यांनी, काहींना सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा किती दुखत होतं? एकूणात त्यांच्या आठवणीत दुखणं कमी झालेलं होतं. शर्यतीच्या अखेरीस मन किती आनंदात होतं, याने त्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही.

माझ्या नवऱ्याने पन्नाशीनंतर धावायला सुरुवात केली. म्हणजे दोनशे पावलं पुढे उभी राहून मी परक्या नवऱ्यांना बघते आणि माझा नवरा कोणा तरी दुसऱ्या ताईंना ‘अजून किती’ विचारत असतो. पुढच्या शर्यतीची नोंदणी सुरू होते तेव्हा पावसाळा असतो, जानेवारी लांब असतो. नवरा लॅपटॉप उघडून बसतो आणि म्हणतो, ‘मागच्या वेळी एवढं काही दुखलं नव्हतं.’ मी काही बोलत नाही. त्याने रेषेपलीकडे फुटपाथवर आडवं पडून जे म्हटलं होतं, ते मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंय. ऐकवलं तर म्हणतो, ‘हा मी नाही.’ आणि फॉर्म भरतो. इमर्जन्सी कॉन्टॅक्टच्या रकान्यात माझा नंबर टाकतो.

वेळ झालेली दिसते, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं.